पाण्यात पाहणारी

माणसांना पाण्यात पाहायचा मला पगार मिळत होता. मी लाइफगार्ड. पोहण्याच्या तलावाच्या काठावरच्या उंच खुर्चीत बसायचं, गळ्यात शिट्टी, आणि पाण्यात जे कोणी असतील त्यांच्यावरची नजर हलवायची नाही. त्या उन्हाळ्यात मात्र मी त्यांना दोन्ही अर्थांनी पाण्यात पाहत होते. आणि त्यांत माझे सख्खे आजोबाही होते.

नियम असा होता. ज्यांचे दोन्ही डोस झाले त्यांना हिरवं कार्ड, आणि ज्यांच्याकडे हिरवं कार्ड त्यांना तलाव, नाट्यगृह, हॉटेल सगळं खुलं. लस द्यायला सुरुवात केली होती म्हाताऱ्यांपासून. ते बरोबरच होतं, त्याबद्दल मी कधी ब्र काढला नाही. माझ्या वयाच्यांचा नंबर लागायला अजून बरेच महिने होते, कारण लसच पुरेशी नव्हती. पण लस आधी मिळणं वेगळं आणि दार आधी उघडणं वेगळं, हे आमच्या शहराच्या कारभाऱ्यांच्या डोक्यात काही शिरलं नाही. जी गोष्ट मला कोणी देतच नाही ती मी घेतली नाही, म्हणून मलाच बाहेर ठेवायचं?

बरं, बाहेरही नाही. मी आतच होते! कामाला माझी काही अडचण नव्हती. सकाळभर त्यांच्यातच वावरायचं, कोणाचा चष्मा शोधून दे, कोणाला पायरीवर हात दे, हे सगळं चालत होतं. पोहायला तेवढं चालत नव्हतं. जणू त्या विषाणूला हजेरीपट वाचता येत होता. कोणी बुडायला लागलं तरच मी पाण्यात उतरायचं, असा हुकूम होता, आणि ही मंडळी काही बुडत नव्हती. छातीएवढ्या पाण्यात उभं राहून जावयाला नावं ठेवणारा माणूस बुडणार तरी कसा?

मला पाणी हौसेसाठी नको होतं. माझी निवड चाचणी होती, चारशे मीटरची. आधीच्या वर्षी ती झालीच नाही आणि पुढच्या वर्षी माझं वय बसत नव्हतं. म्हणजे ही शेवटची. चाचणी दुसऱ्या शहरात होती, तिथे कार्ड लागणार नव्हतं, तपासणीचा कागद चालणार होता. तिथल्या मुलींना तलावही कधीचा खुला होता. मी मात्र काठावर बसून खांदे फिरवत होते आणि घरी खुर्चीवर आडवी पडून हवेत हात मारत होते. तसं हात मारताना आईने एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं.

लोक म्हणतात, वर्ष पाण्यात गेलं. माझं गेलं असतं तर सोनं झालं असतं. माझं कोरडंच गेलं, आणि ते का गेलं हेही मला ठाऊक होतं. मधे तलाव थोडे दिवस उघडले होते, तेव्हा बाकीच्या मुली जात होत्या. मी गेले नाही. आप्पांची छाती नाजूक. मी बाहेरून काही घेऊन आले आणि त्यांना झालं तर? कोणी मला अडवलं नव्हतं. मीच थांबले, आणि मला ते जडही गेलं नाही. आप्पांच्या खोलीबाहेर ताट ठेवून दारावर टकटक करायची आणि मागे सरायचं, असं आम्ही किती दिवस काढले.

आणि आता आप्पा रोज सकाळी गळ्यात कार्ड अडकवून, माझ्याच बरोबर घरून निघून तलावावर यायचे. दारावरचा माणूस त्यांचं कार्ड बघून "या, या" म्हणायचा आणि मला "मागच्या दाराने गं."

"बेडके, हे बघ!" आप्पा पाण्यातून ओरडायचे. लहानपणापासून मी त्यांची बेडकी. "पाठीवर तरंगायला लागलो बघ!"

मी बघत होते. तेवढंच तर काम होतं.

त्यांच्या घोळक्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सगळे त्यांना बाई म्हणायचे आणि पाण्यातही त्यांच्यापुढे ओळीत उभे राहायचे. बाईंचा आवाज माझ्या शिट्टीपेक्षा मोठा. एकदा काठाला टेकून त्या मला म्हणाल्या, "कशाला गं तोंड पाडून बसतेस? तुझं काय, अजून सगळं आयुष्य पडलंय पुढे."

हे वाक्य मला त्या उन्हाळ्यात इतक्या जणांनी ऐकवलं की सुईपेक्षा तेच जास्त टोचायला लागलं. बाईंना मी काही बोलले नाही, नोकरी होती. पण त्याच रात्री जेवताना आप्पांनीही तेच वाक्य काढलं आणि माझा बांध फुटला.

आईने सहज विचारलं होतं, "तुझ्या चाचणीचं काय ठरलं?" मी म्हटलं, पाण्यात गेल्याशिवाय काय ठरणार, कप्पाळ? तर आप्पा घास घेत म्हणाले, "होईल गं. तुझ्या वयाला थांबता येतं. आमच्याकडे किती उन्हाळे उरलेत? तुझ्यापुढे सगळं आयुष्य पडलंय."

"आप्पा, पोहण्यात माझ्यापुढे काही पडलेलं नाही," मी म्हणाले. "तुम्ही ऐंशीचे झालात तरी पाठीवर तरंगाल. मला बावीस पूर्ण झाली. चाचणीच्या रांगेत मी म्हातारी आहे, तुमच्यापेक्षा म्हातारी! तिथे सोळा-सतरा वर्षांच्या पोरी असतात."

"मग मी काय करू? कार्ड मी छापलं?"

"छापलं नाहीत. पण मिरवता. तुमच्यासाठी मी वर्षभर घरात बसले, आणि तुम्ही माझ्याच डोळ्यांसमोर रोज डुंबता आणि वर मला बघायला लावता. लाज नाही वाटत?"

शेवटचे शब्द तोंडातून गेले ते गेले. आईने डोळे मोठे केले. आप्पांनी पाणी प्यायलं, ताट बाजूला सारलं आणि उठले. त्या क्षणापासून आमच्या घरात अबोला सुरू झाला.

आमच्याकडचा अबोला ज्यांनी पाहिला नाही त्यांना त्याची कल्पना यायची नाही. आमच्या घरात भांडण आवाजात कधीच होत नाही, ते गप्प राहण्यात होतं, आणि आधी बोलेल तो हरला. आप्पा आणि त्यांचा धाकटा भाऊ एका कुलपाच्या किल्लीवरून एक अख्खं वर्ष बोलले नव्हते. मी त्यांचीच नात. सकाळी आम्ही एकाच वेळी निघायचो, ते रस्त्याच्या या बाजूने आणि मी त्या. निरोप आईमार्फत. "तुझ्या सासऱ्यांना सांग, चष्मा बाथरूममध्ये आहे." "तुझ्या लेकीला सांग, दिसतोय मला."

अबोल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी मॅनेजरने मला बोलावलं. मॅनेजर भला माणूस, पण नियमाच्या बाहेर बोट ठेवायला घाबरायचा. दाराकडे बघत हळूच म्हणाला, "तळाशी शेवाळ धरलंय, पाहिलंस?"

"नाही धरलेलं."

"धरलंय," तो म्हणाला. "दुपारी सभासद गेले की घासायला कोणीतरी पाण्यात उतरायला लागेल. कर्मचाऱ्यांना कामासाठी उतरायची परवानगी आहे. या टोकाची भिंत घासायची, मग त्या टोकाची. मधलं अंतर कसं कापायचं ते नियमात लिहिलेलं नाही."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. "कोणाला बोलू नकोस मात्र," तो म्हणाला. "विशेषतः तुझ्या आजोबांना. त्यांना सांगितलं की बाईंना कळणार, आणि बाईंना कळलं की गावाला."

मी कोणाला बोलले नाही. आप्पांशी तसंही बोलत नव्हतेच. रोज दुपारी एका हातात ब्रश घेऊन मी पाण्यात शिरायचे, तो या टोकाला ठेवायचे आणि सुटायचे. पहिल्या दिवशी हात लाकडासारखे जड पडले, दम लागला, रडूही आलं. पण आठवड्याभरात श्वासाचं गणित जुळायला लागलं. वळताना पाय भिंतीवर नेमके बसायला लागले. भूक परत आली. माझ्या अंगात माझं अंग परत येत होतं. भिंतीही इतक्या लखलखीत झाल्या की मॅनेजर खरोखरच खूश.

रात्री जेवताना आप्पा माझ्या ओल्या केसांकडे बघायचे. एकदा वाटलं, सांगून टाकावं. पण आधी मी का बोलू? त्यांनीही तोंड उघडलं, मग आईकडे वळून म्हणाले, "तुझ्या लेकीला सांग, ओल्या केसांनी झोपू नये."

मग एके सकाळी तलावावर कोणीच आलं नाही. मी उंच खुर्चीत बसून रिकाम्या पाण्याकडे बघत राहिले. आप्पाही घरून निघाले नव्हते. वाटलं, कुठे सहलीबिहलीला गेली असेल मंडळी, त्यांना काय, कार्ड आहे. दुसऱ्या दिवशीही कोणी नाही. मला तर पर्वणीच होती. मॅनेजर ऑफिसात डोकं धरून बसला होता आणि मी सकाळपासूनच "शेवाळ घासत" होते. त्या दिवशी मी घड्याळ लावून चारशे मीटर मारले. वेळ माझ्या जुन्या वेळेच्या इतकी जवळ आली की मी पाण्यातच एकटी मोठ्याने हसले. चाचणीला अजून दोन आठवडे होते. दोन आठवड्यांत ते जमणार होतं, मला कळत होतं.

पुढच्या सकाळी मी मागच्या दाराने आत आले तर पंपाचा आवाज येत होता. पाणी गुडघ्याएवढं उरलं होतं. त्यात दोन कामगार उभे राहून तळाच्या फरश्यांवर खडूने खुणा करत होते.

"हे काय?" मी किंचाळलेच.

"वरून हुकूम आलाय," मॅनेजर म्हणाला. "सभासद येत नाहीत, तर तोवर तळाच्या फरश्या बदलून घ्या म्हणाले. महिना तरी जाईल."

"पण येत का नाहीत?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गंमत करतेय. "तुला माहीत नाही? तुझ्याच आजोबांचं काम. घरोघर फिरून सगळ्यांना शपथ घ्यायला लावलीय. पोरांना पाणी नाही तर आम्हालाही नको म्हणे. बाईंनी तर दात काढून ठेवावेत तशी कार्डं काढून ठेवायला लावलीत सगळ्यांना. शहरभर नाव झालंय. आणि इथे माझं वाटोळं!"

पंप पाणी ओढत होता आणि माझ्या डोळ्यांदेखत माझे चारशे मीटर गटारात चालले होते. शिव्या कोणाला घालायच्या तेही समजत नव्हतं.

घरी आले तर आप्पा दारातच उभे होते. नवा शर्ट, चेहरा फुललेला. अबोला मोडायला ते वाटच बघत होते, आणि आपण हरून नाही तर जिंकून बोलतोय याचा त्यांना केवढा आनंद!

"बेडके, तलाव बंद पाडला!" ते म्हणाले. "एकही माणूस गेला नाही. आमच्यातले ते दातांचे डॉक्टरसुद्धा नाहीत, त्यांना तर दम्यासाठी पोहायला सांगितलंय. बाई म्हणाल्या, आजोबा असावा तर असा. तू बोललीस ते लागलं मला. खरंच लागलं. वर्षभर बसलीस तू माझ्यासाठी. म्हटलं, आता आपण पाणी सोडायचं. झाली ना बरोबरी?"

आई स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघत होती. तिला ओल्या केसांचं कधीच कळलं असणार. तिने मान हलवली, बोलू नकोस अशी. आणि मीही क्षणभर म्हटलं, राहू दे. एवढा म्हातारा माणूस, गुडघे दुखत असताना जिने चढून-उतरून लोकांना पटवत फिरला. पण मग माझं काय? माझं नेहमी राहूच द्यायचं?

"आप्पा, मी पोहत होते," मी म्हणाले. "रोज. तुम्ही सगळे गेल्यावर. मॅनेजरने चोरून सोय केली होती. काल मी माझ्या जुन्या वेळेच्या अगदी जवळ पोचले होते. आज पाणी काढून टाकलं. तुम्ही कोणी येत नाही म्हणून."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. आधी ते तसंच राहिलं, आणि ऐकलेलं आत पोचायला वेळ लागला.

"मग सांगायचं नाहीस?"

"तुम्ही विचारायचं नाहीत? एकदा विचारायचं, बाई गं, तुझ्यासाठी काय करू? घेतानाही तुम्हीच ठरवलंत, आप्पा, आणि सोडतानाही तुम्हीच ठरवलंत. दोन्ही वेळा मी नुसती काठावर."

ते भिंतीला धरून खाली पायरीवर बसले. नव्या शर्टाची बाही चुरगळत राहिले. मला त्यांची कीव आली आणि त्या किवेचाही राग आला. मग त्यांनी मान वर केली. आवाज एवढा बारीक की आधी मला नीट ऐकूही आला नाही.

"मग आता सांग," ते म्हणाले. "काय करू मी?"

एवढ्या वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी मला विचारत होतं. मी खूप विचार केला. सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.