उलट्या पिळाचा जोड

नवरा वारला तेव्हा नंदाताई एकतीस वर्षांच्या होत्या आणि गौरांग चार वर्षांचा. नवऱ्याच्या जागी त्यांना संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरी मिळाली, तीही विजेच्या दुरुस्ती विभागात. बाई आहे, रजिस्टरं सांभाळेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण तिथले जुने वायरमन अण्णा यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हातात पक्कड दिली आणि तारांचा जोड शिकवायला घेतला. तारेवरचं आवरण पेन्सिलीला टोक करतात तसं तिरपं कापायचं, म्हणजे सुरीची धार आतल्या तांब्याला लागत नाही. तांबं चमकेपर्यंत खरवडायचं. दोन टोकं एकमेकांवर आडवी धरून प्रत्येकाचे दुसऱ्या तारेवर पाच-सहा वेढे घट्ट बसवायचे. वर टेप, पुढचा फेरा आधीच्या फेऱ्याला अर्धा झाकेल असा. जोड झाला की अण्णा तो दोन्ही हातांनी ओढून बघायचे. तार तुटली तर चालेल, जोड सुटता कामा नये, असं म्हणायचे.

नंदाताईंचा एकही जोड कधी सुटला नाही. एकोणतीस वर्षांनी त्या निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्याकडे सुपरवायझरचा परवाना होता आणि गौरांग घरांच्या वायरिंगची कंत्राटं घेत होता. जोड त्याला त्यांनीच शिकवला होता, दीक्षितपुऱ्यातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर. नव्या घराला वीज मिळायची तर काम तपासल्याची परवानाधारकाची सही लागते. ती सही नंदाताई करत. सुरुवातीला प्रत्येक घरी जाऊन एकेक बोर्ड उघडून बघत. मग गुडघे दुखायला लागले. गौरांग कागद घरी आणू लागला आणि त्या चहा घेता घेता सही करू लागल्या.

मे महिन्यात महाराजपूरच्या एका नव्या घरात अपघात झाला. वरच्या मजल्यावर मनीषा नावाची भाडेकरू राहत होती. ती एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करायची. दुपारी कूलरमध्ये पाणी भरताना तिचा ओला हात पत्र्याला लागला आणि चिकटूनच राहिला. शेजाऱ्यांनी आधी कूलरची वायर ओढून तोडली, मग मेन बंद केला. जीव वाचला. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट मात्र काढावं लागलं.

घराला कुलूप लागलं. वीज खात्याच्या चौकशीचा दिवस ठरला. गौरांग म्हणाला, कूलर जुना होता, तिनं कुठून तरी सेकंडहँड आणलेला, आपलं काम चोख आहे. नंदाताईंचा त्याच्यावर विश्वास होता. पण कागदावर सही त्यांची होती. म्हणून चौकशीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी घरमालकाकडून किल्ली घेतली आणि हत्यारांची पिशवी घेऊन एकट्याच ई-रिक्षानं महाराजपूरला गेल्या.

कूलरचा बोर्ड त्यांनी खोलला. कूलरच्या पत्र्यात वीज उतरली तर ती जमिनीत वाहून नेणारी हिरवी तार आत दोन तुकड्यांत लोंबत होती. वीतभर तार कमी पडली होती, आणि नवी ओढण्याऐवजी कुणी तरी तुकडा जोडला होता. बोटांनी दिलेला दीड पीळ, वर दोन फेरे टेप. उन्हाळ्यात टेप सुटली आणि टोकं वेगळी झाली.

नंदाताईंनी टोकं जवळ घेतली. तांब्यात जुना पीळ अजून होता, आणि तो उलटा होता. गौरांग डावखुरा. लहानपणापासून त्याचा पीळ उलटाच पडायचा. सरळ कर म्हणून त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण घट्ट असला की झालं. म्हणजे हे कुणा कामगाराचं काम नव्हतं.

त्या तिथंच फरशीवर बसल्या. मग त्यांनी सुरी काढली. आवरण तिरपं कापलं, तांबं खरवडलं, टोकं आडवी धरली आणि सहा-सहा वेढे घातले, सरळ पिळाचे. जोड ओढून बघितला. टेप गुंडाळली. टेप नवी दिसत होती, म्हणून बॉक्समधली धूळ बोटावर घेऊन ती त्यांनी टेपवर चोळली. बोर्ड बंद केला.

दुसऱ्या दिवशी चौकशीला वीज निरीक्षक साहेब आले. त्यांनी मीटर लावून तार तपासली, टेप थोडी उकलून जोड बघितला. ‘‘अम्माजी, ऐसा जोड़ अब कौन बनाता है,’’ ते म्हणाले. वायरिंग ठीक होती आणि कूलरची वायर तुटलेली होती, ती आधीपासूनच तशी असणार असं धरून दोष कूलरचा असं त्यांनी लिहून टाकलं.

घरी येऊन नंदाताईंनी गौरांगला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘चांगलं केलंस आई.’’ त्या दिवशी घाई होती, मालक मागं लागला होता, असंही म्हणाला. आणि उठून दुसऱ्या साइटवर फोन लावला. मनीषाचा हात कसा आहे, हे त्यानं विचारलं नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढच्या आठवड्यातही नाही. नंदाताई वाट बघत राहिल्या.

नवव्या दिवशी त्या स्वतःच गेल्या. मनीषा आता माहेरी, मझौलीला होती. हाताला पट्ट्या, आणि ओढणी डाव्या हातानं सावरणं अजून जमत नव्हतं. नंदाताई काही बोलायच्या आधी तीच सांगू लागली. तिचा नवरा रोज फोनवर म्हणत होता की तो कूलर तूच आणलास. लॅबनं तिची जागा भरली होती.

‘‘माझीच चूक झाली काकू,’’ ती म्हणाली. ‘‘स्वस्तात मिळाला म्हणून घेतला.’’

तेव्हा नंदाताईंनी सांगितलं. तुटलेली तार, उलटा पीळ, आपला जोड, टेपवर चोळलेली धूळ. काही वगळलं नाही. मनीषा ऐकत होती. मग तिनं विचारलं, ‘‘मग तेव्हाच काहून नाही सांगितलं?’’

‘‘मुलगा आहे माझा.’’

‘‘आणि आता?’’

नंदाताईंनी पदर डोळ्यांना लावला.

‘‘हे लिहून द्या,’’ मनीषा म्हणाली. ‘‘रडून नका राहू. लिहून द्या.’’

त्यांनी तिथंच बसून लिहून दिलं, खाली सही केली, परवान्याचा नंबर घातला. मनीषानं कागद दोनदा वाचला, आईकडे दिला आणि नंदाताईंना म्हणाली, ‘‘आता पुन्हा इथं येऊ नका.’’

प्रकरण पुन्हा उघडलं. नंदाताईंचा परवाना रद्द झाला आणि पुरावा बदलल्याबद्दल त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. गौरांगवरही झाला. त्यानं वकील वेगळा केला. वकिलानं कोर्टात मांडलं की आईचं वय झालंय, तिला काही नीट आठवत नाही, आणि जोड तर तिच्याच हातचा आहे. यातलं शेवटचं खरं होतं. साहेबांनी नंतर बोर्डातून कापून नेलेला तो तारेचा तुकडा कोर्टात दाखवला गेला, तेव्हा नंदाताईंनी तो ओळखला आणि हो म्हणाल्या.

गौरांग बायको-मुलांना घेऊन दुसरीकडे राहायला गेला. तारखेला दोघं एकाच बाकावर बसतात, मध्ये वकिलाची बॅग असते. मागच्या तारखेला मनीषा आली होती. साक्षीच्या कागदावर तिनं डाव्या हातानं सही केली. अक्षरं अजून वाकडी येतात. नंदाताई तिच्याकडे बघत होत्या. गौरांग मोबाइल बघत होता.