अडून बसणारा कॉम्प्युटर

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि आयुष्यात शाबासकीपेक्षा लाथाच जास्त खाल्ल्या आहेत. दोन भावांच्या पत्रा कापायच्या कारखान्यात माझी नोकरी. मोठ्या पात्याने कधी खाली यायचं आणि कधी वर थांबायचं, हे मी सांगायचो. नवा होतो तेव्हा थोरला भाऊ मला पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचा.

पण त्याचं डोकं भारी तापट. पत्रा वाकडा कापला गेला की थप्पड मला, वीज गेली की लाथ मला. आता विजेशी माझं काय नातं? मार खाऊन खाऊन माझ्या पोटातली मेमरीची पट्टी खिळखिळी झाली. सकाळी सुरू होताना मी स्वतःला तपासायचो, चूक सापडली की टूं टूं ओरडायचो आणि तिथेच थांबायचो. माझ्या सेटिंगमध्ये तसंच ठरलेलं होतं. थोरल्याला वाटायचं, मी माजलोय. मग आणखी मार!

एकदा त्याने दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

"मेमरीची पट्टी खराब झालीय, बदलावी लागेल," तो म्हणाला.

"पट्टीबिट्टी नंतर बघू. काम खोळंबलंय. आधी याचं तोंड बंद कर."

"अहो, थांबू द्या की त्याला जरा," थोरल्याची बायको दारातून म्हणाली.

"तू गप्प बस!"

दुरुस्तीवाल्याने माझं सेटिंग उघडलं. मेमरीची तपासणी बंद केली. कुठलीही चूक असो, थांबायचं नाही, असं ठरवून टाकलं. त्या दिवसापासून मी आतल्या आत बोंबलत होतो आणि वरून शहाण्यासारखा चालू होत होतो. थोरला खूश होता.

एका दुपारी धाकटा भाऊ पात्याखाली पत्रा सरकवत होता. 'वरच थांब' हा हुकूम मी मेमरीत शोधला, तर हाती भलतंच आलं. पातं धाडकन खाली आलं. धाकट्याची तीन बोटं पत्र्यावर पडली, रक्त माझ्या पडद्यावर उडालं. वहिनीने धावत येऊन त्याचा हात टॉवेलात आवळला. थोरला हातोडा घेऊन माझ्यावर धावला. पहिल्याच घावात पडदा फुटला.

"दादा, नको मारूस त्याला," धाकटा कण्हत म्हणाला. "तो रोज ओरडून सांगत होता रे."

थोरल्याने हातोडा टाकला आणि तो ढसाढसा रडला.

जखम भरल्यावर धाकट्यानेच नवी पट्टी बसवली आणि उरलेल्या दोन बोटांनी बटणं दाबून माझं सेटिंग पहिल्यासारखं केलं. परवा सकाळी माझ्या आतली दुसरीच एक तार सैल झाली आणि मी पुन्हा टूं टूं करत अडलो. थोरल्याचा हात सवयीने वर गेला. शेजारी धाकटा उभा होता. थोरल्याने हात खाली घेतला. "थांबलाय ना, थांबू दे," तो म्हणाला.

मित्रांनो, मी अडलो तर वैतागा, शिव्या घाला, माझी ना नाही. पण माझं तोंड बंद करू नका. मला नवी पट्टी मिळाली, नवा पडदाही मिळाला. धाकट्याला बोटं कुठून आणायची?