काठोकाठ भरलेलं पाणी

मित्रांनो, मी पाण्याचा एक जुना जग आहे. स्टीलचा, दीड लिटरचा. माझ्या पोटाला एका बाजूने पोचा आहे, झाकणावरची गोळी कधीच निघून गेली आहे आणि बुडाला कोरलेला सतरा हा आकडा घासून घासून पुसट झाला आहे. मी एका जागी उभा असतो, म्हणून लोकांना मी शांत वाटतो. खरं तर गेली दोन वर्षं मला चैन पडत नाही. म्हणूनच हे सांगतो आहे.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. पत्र्याच्या एका चकतीला साच्यावर दाबून पोट दिलं, कान जोडला, चोच काढली आणि घासून लख्ख केलं. आम्ही चोवीस जग एका खोक्यातून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलो. तेव्हा फोन आपोआप लागत नसत. एका लांब खोलीत ऑपरेटर बायका रांगेने बसत. समोर भोकाभोकांचा उभा फळा असे. या माणसाची वायर त्या माणसाच्या भोकात खुपसली की दोघांचं बोलणं सुरू होई.

सतरा नंबरच्या खुर्चीवरच्या ऑपरेटरच्या वाट्याला मी आलो. तिच्या तोंडी दिवसभर एकच वाक्य असे, "थांबा, जोडते." बोलून बोलून घसा सुके, आणि एका पाळीत ती मला दोनदा रिकामं करी.

"आत टाकी बसवलीयेस का गं?" शेजारची विचारायची.

"बसवलीय. तुझ्यासारखी गळकी नाहीये," असं म्हणून ती पुन्हा पेला भरायची.

ते माझे सुखाचे दिवस होते. सकाळी भरायचं, दुपारपर्यंत रिकामं व्हायचं, पुन्हा भरायचं.

पुढे फोन आपोआप लागू लागले आणि तो फळा उतरवला गेला. जुनं सामान भंगारात निघालं तेव्हा ती साहेबांना विचारून मला घरी घेऊन आली. घरी तिची दोन मुलं माझं पाणी पिऊन मोठी झाली. पोटावरचा पोचा मुलाने पाडला आणि नाव बहिणीवर ढकललं. मग नवरा गेला. मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला. लेक एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या कामाला लागली. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचं तिचं काम.

शहात्तराव्या वर्षी ऑपरेटरला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. इतकी वर्षं माणसांना बोलतं करणाऱ्या बाईजवळ एकच शब्द उरला, "थांबा." भूक लागली तरी थांबा, दुखलं तरी थांबा, लेक आली की आनंदानेही थांबा.

लेकीने सात महिने घरी केलं. कामाला ठेवलेल्या बाया टिकेनात, रजा संपली, पाठ धरली. शेवटी तिने आईला वृद्धनिवासात ठेवलं. घरची एखादी वस्तू जवळ असावी म्हणून सोबत मला दिलं.

मित्रांनो, ती जागा वाईट दिसत नव्हती. भिंती नव्याने रंगवलेल्या, फरशी पुसलेली, दारात कुंड्या. एका खोलीत चार खाटा. प्रत्येक खाटेच्या उजवीकडे भिंतीला स्क्रूने घट्ट केलेलं छोटं टेबल. मला त्या टेबलावर ठेवलं.

उजवीकडे. जो हात हलत नव्हता, त्याच्या बाजूला.

पहिल्याच दुपारी तिने डावा हात छातीवरून आडवा माझ्याकडे आणला. चार बोटं कमी पडली. तिने कूस वळायचा प्रयत्न केला, पण अंग वळेना. "थांबा," ती मला म्हणाली. मी कुठे जाणार होतो? तेवढं चार बोटं सरकता आलं असतं तर मी माझं बूड झिजवून सरकलो असतो. पंखा फिरे तसं माझ्यातलं पाणी थरथरे, आणि ती त्याकडे बघत राही.

दाराशी देखभालीच्या मावशी दिसल्या की ती हाक मारी, "थांबा, थांबा." मावशी हसून म्हणत, "आजी, तुम्ही थांबा, मी आलेच." आणि पुढच्या खोलीत जात. बावीस खाटांना दिवसपाळीत त्या एकट्याच होत्या. जेवणाबरोबर त्या तिला चार घोट पाजत. तेवढंच. खाटेच्या पायथ्याशी लावलेल्या कागदावर मात्र रोज लिहिलं जाई, "पाणी दिले."

दररोज सकाळी मावशी मला उचलत, कालचं पाणी दारातल्या कुंडीत ओतत आणि मला काठोकाठ भरून जागेवर ठेवत.

लेक दर रविवारी चार वाजता येई, कारण भेटीची वेळ तीच होती. त्या वेळी चादर बदललेली असे, केस विंचरलेले असत आणि मी भरलेला असे. ती आईजवळ बसे, वाचून दाखवी. जाताना बाहेर उभी राहून भावाला फोन करी. एकदा मी ऐकलं. "बरी आहे. जरा सुकल्यासारखी वाटते, पण ते वयानेच. काळजी घेतात रे. पाण्याचा जग कधी बघावा तर काठोकाठ भरलेला."

इतकी चांगली नजर असलेली बाई, आणि माझं भरलेपण तिला चांगलं लक्षण वाटलं. मला ओरडता आलं असतं तर!

शेजारच्या खाटेवर एके काळी शिवणकाम करणाऱ्या आजी होत्या. डोळे गेले होते, जीभ शाबूत होती. त्यांना सगळे टेलरबाई म्हणत. एका बुधवारी लेक आईचा दुरुस्त केलेला चष्मा घेऊन सकाळीच आली. त्याच वेळी मावशी मला कुंडीत उपडं करत होत्या. ती दारातच थांबली.

"हे कालचं पाणी?" तिने विचारलं.

"हो ताई. रोज ताजं भरतो आम्ही."

"पण हा तर पूर्ण भरलेला होता."

मावशी मला नळाखाली धरून भरू लागल्या. आतून टेलरबाई बोलल्या, "रोजच भरलेला असतो, ओततानाच्या आवाजावरून कळतं. कुंडी कशी माजली असेल बघ. आम्हाला पण मातीत लावा म्हणावं, निदान पाणी तरी मिळेल."

लेक आत आली. तिने आईच्या ओठांवरून बोट फिरवलं. कातडी सुटत होती. तिने माझ्यातलं पाणी पेल्यात घेतलं आणि चमच्याने पाजायला लागली. आई पीत राहिली. मध्येच चमचा पुढे यायला जरा उशीर झाला, तर तिने डाव्या हाताने लेकीचं मनगट घट्ट धरलं.

"मुद्दाम नाही करत, ताई," मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या. "पाणी जास्त पाजलं की चादरी जास्त ओल्या होतात. मला दोनच हात आहेत."

त्याच दुपारी डॉक्टर आले. अंगातलं पाणी आटलं होतं, लघवीत जंतू झाले होते, मूत्रपिंडांवर ताण आला होता. आठ दिवस ती इस्पितळात होती. मी रिकाम्या खाटेशेजारी उभा होतो, आणि त्या आठ दिवसांतही मला रोज भरलं गेलं.

मधल्या काळात लेक दुसऱ्या दोन जागा पाहून आली. तिथेही जग भरलेलेच होते. मग तिने आईला इथेच परत आणलं, पण गप्प बसून नाही. खाट फिरवून टेबल डाव्या हाताला आणा, असं तिने व्यवस्थापकांना सांगितलं.

"खाटा हलवायची पद्धत नाही आमच्याकडे," ते म्हणाले. "आणि खरं सांगू, अशी तक्रार पहिल्यांदाच येतेय."

"पहिल्यांदाच येणार," टेलरबाई म्हणाल्या. "ज्यांना त्रास आहे त्यांना बोलता येत नाही. ज्यांना बोलता येतं त्यांना इथेच राहायचंय."

लेक आवाज न चढवता म्हणाली, "पद्धत नाही, हे मला लिहून द्या."

संध्याकाळपर्यंत खाट फिरली. पुढच्या रविवारी ती प्रत्येक खाटेपाशी गेली आणि आलेल्या माणसांना विचारलं, "आठवड्यातून एक दिवस जेवणाच्या वेळेला येऊ शकाल?" काहींनी तोंड फिरवलं. एक सूनबाई म्हणाली, "मग इथल्या लोकांनी काय करायचं?" सहा घरं तयार झाली. आपल्या माणसाला पाणी पाजून झालं की शेजारच्या खाटेला विचारायचं, एवढं ठरलं. शिवाय दिवसपाळीला आणखी एक मावशी हवी, असं पत्र सगळ्यांनी सह्या करून दिलं आणि पोहोच घेतली. दोन महिने खेटे घातल्यावर दुसरी मावशी आली. त्या दिवशी पहिल्या मावशी पहिल्यांदा खाटेजवळ बसलेल्या मी पाहिल्या.

ऑपरेटर त्यानंतर पाच महिने जगली. मूत्रपिंडं पूर्ववत झाली नाहीत. एका दुपारी दुसरा झटका आला आणि ती गेली. तासाभरापूर्वी ती अर्धा पेला पाणी प्यायली होती. ती तहानलेली गेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

सामान न्यायला लेक आणि तिचा भाऊ आले. "तू सगळं केलंस. तुझी काय चूक?" भाऊ म्हणाला. कपडे घड्या करत ती म्हणाली, "अठरा रविवार तो जग मी नुसता बघितला. एकदाही उचलला नाही."  भावाने पिशवीची चेन लावली.

मला तिने नेलं नाही. टेलरबाईंच्या हाताशी ठेवलं.

"आता तुला कशाला यायचं इथे?" त्यांनी विचारलं.

"बुधवार माझा आहे," ती म्हणाली आणि त्यांच्या हातात पेला दिला.

ती अजून येते. पण बसत नाही. खोल्याखोल्यांतून फिरते, जग उचलून बघते, ठेवते, पुढे जाते. इथे बावीस जग आहेत आणि सहाच घरं. मला चैन पडत नाही ते यासाठी.

मित्रांनो, तुमचं कुणी अशा ठिकाणी असेल तर मोठ्यांबरोबर तुम्हीही जा. ठरलेल्या वेळेलाच जाऊ नका. जेवणाच्या वेळेला जा. केस विंचरलेत का यापेक्षा ओठ सुकलेत का ते पाहा. कामाच्या माणसांवर खेकसू नका, त्यांच्यावर किती खाटा आहेत ते विचारा, आणि जे चुकतंय ते घरच्यांना कागदावर लिहायला सांगा. निघताना टेबलावरचा जग उचला. तो जड लागला, तर अजून निघू नका.