'माझा' म्हणणाऱ्यांचं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं मालिशचं टेबल आहे. व्याकरणात मी 'ते' टेबल, पण सारं आयुष्य फुटबॉलपटूंच्या संगतीत गेल्यामुळे 'मी आलो, मी गेलो' असं बोलायची सवय लागली आहे. तेवढी चालवून घ्या. जरा फुशारकीही चालवून घ्या, कारण एका व्यावसायिक संघाचा सगळ्यात वाईट काळ मी अंगावर झेललेला आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे.

खरं तर मी जेवणाचं टेबल होणार होतो. सुताराने फळ्या कापल्या, पाय तासले आणि ऐन वेळी गिऱ्हाईक फिरलं. तेवढ्यात फुटबॉल क्लबाला मालिशचं टेबल हवं असल्याचं त्याच्या कानावर आलं. त्याने मला थोडं अरुंद केलं आणि वर जाड गादी ठोकली. त्याच्या बायकोने तपकिरी रेक्झिन शिवलं, आणि पालथ्या माणसाला श्वास घेता यावा म्हणून डोक्याच्या बाजूला तोंडापुरतं भोक ठेवलं. "जेवणारे गेले, आता मार खाल्लेले येतील याच्याकडे," असं ती हसून म्हणाली होती. तिचं म्हणणं पुढे अक्षरशः खरं झालं.

माझी खोली प्रेक्षकांच्या गॅलरीच्या खाली होती. एका बाजूला खेळाडूंची कपडे बदलायची खोली, मधलं दार कायम उघडं; दुसऱ्या बाजूला मैदानाकडे जाणारा बोळ. खोलीवर राज्य होतं मालिश करणाऱ्या ताईंचं. त्यांच्याहून मोठे असलेले प्रशिक्षकसुद्धा त्यांना ताईच म्हणत. त्यांचा अंगठा पोटरीत रुतला की मैदानावर वाघ असलेले गडी "आई गं!" म्हणून ओरडत. "ओरड बाबा, ओरड. इथे पंच नाहीये, दाद कोणी देणार नाही," असं ताई म्हणायच्या आणि आणखी जोर लावायच्या.

लोकांना खेळाडूची छाती दिसते. मला त्याचा भोकातून खाली लोंबणारा चेहरा माहीत आहे. जिंकून आलेला गडी माझ्यावर पडल्या पडल्या बडबडतो. हरून आलेला जमिनीकडे बघत राहतो. आणि त्या हंगामात, मित्रांनो, माझ्यावर येणारा प्रत्येक जण जमिनीकडे बघत होता.

आमचा संघ हरत होता. नुसता हरत नव्हता, सपाटून मार खात होता. गुणांच्या यादीत तळाला राहणाऱ्या संघाला पुढच्या वर्षी खालच्या गटात ढकलत. तसं झालं तर निम्म्या खेळाडूंना घरी बसवणार, हे क्लबाने स्पष्ट सांगितलं होतं. पहिल्या प्रशिक्षकांना मध्येच नारळ मिळाला. दुसरे आले, त्यांनी फळ्यावर बाण काढून काढून खडू संपवले. फरक शून्य.

दुखणं कुठे आहे ते सांगतो. फुटबॉलमध्ये उंच चेंडू आला, की जो तो घेणार असेल त्याने मोठ्याने "माझा!" असं ओरडायचं असतं. मग बाकीचे बाजूला होतात. आमच्या संघात हा शब्दच बंद पडला होता. चेंडू दोघांच्या मधोमध पडायचा, दोघं एकमेकांकडे बघायचे आणि तिसराच, समोरच्या संघातला, तो जाळ्यात मारून मोकळा व्हायचा.

याची सुरुवात आमच्या गोलरक्षकापासून झाली. हंगामाच्या आरंभी एका सामन्यात त्याने "माझा!" असं सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडून उडी मारली, आणि चेंडू त्याच्या हातांमधून निसटून गोलात गेला. झालं! लोकांनी त्याची पाठच धरली. तो दुकानात गेला तरी कोणीतरी मागून "माझा!" म्हणून ओरडायचं आणि सगळी रांग हसायची. तेव्हापासून तो गोलात चकार शब्द काढेना. पोरांनी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं. आणि त्याची झालेली फजिती बघून बाकीच्यांनीही तोंडं शिवून घेतली.

सामना संपला की मात्र सगळ्यांना वाचा फुटायची. "तो माझा नव्हता." "माझा कसा? मी तर पलीकडे होतो." कपड्यांच्या खोलीत नुसते हात झटकायचा आवाज.

अशा वेळी आमचे कप्तान पुढे व्हायचे. बचावफळीतला वयाने सर्वांत मोठा गडी, म्हणून सगळे त्यांना थोरले म्हणत. थोरले उभे राहायचे आणि म्हणायचे, "सोडा रे. तो गोल माझा." दर वेळी. ते ज्या सामन्यात गोलापासून मैलभर लांब होते, त्यातला गोलसुद्धा त्यांचाच. मग बाकीचे सुटल्यासारखे होऊन आंघोळीला जायचे, आणि थोरले येऊन माझ्यावर अंग टाकायचे.

मला त्यांचा कोण अभिमान वाटायचा! वाटायचं, कप्तान असावा तर असा.

एकदा असाच सामना हरून आल्यावर थोरले माझ्यावर पालथे पडले होते. ताई त्यांच्या सुजलेल्या गुडघ्याच्या मागची शीर मोकळी करत होत्या. शेजारच्या न्हाणीतून शीळ ऐकू आली. ज्याच्या चुकीने गोल झाला होता तोच गडी पाण्याखाली मजेत शीळ घालत होता. थोरल्यांनी मान वर केली.

"ऐकलंत ताई?"

"ऐकतेय की. सूर बरा आहे."

"मी त्याची चूक घेतली आणि हा शीळ घालतोय. सगळे गोल मीच माझे म्हणत बसलो, मग या पोरांनी काय म्हणायचं?"

ताई तेलाचा हात फिरवत राहिल्या. माझंही डोकं ठिकाणावर आलं. ज्या गोष्टीचा मी अभिमान बाळगत होतो, तिच्यामुळेच संघ पांगळा होत होता.

पुढच्या पराभवानंतर कपड्यांच्या खोलीत सगळे थोरल्यांच्या वाक्याची वाट बघत बसले. थोरले बोललेच नाहीत. बूट काढून, भिंतीला टेकून, ते शांत बसून राहिले. कोणी खाकरलं, कोणी मोजे पिळले. ती शांतता इतकी लांबली, की बोळातून जाणारा झाडूवाला आत डोकावून गेला. मित्रांनो, गुडघा सुजलेला असताना धावणं मी पुष्कळांचं पाहिलं होतं. पण आपल्याला बोलता येत असताना, दुसऱ्याने बोलावं म्हणून गप्प बसायला जो दम लागतो, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

शेवटी शीळवाला गडी पुटपुटला, "दुसरा गोल... माझा होता. म्हणजे अर्धा."

"अर्धा गोल असतो का रे?" कोणीतरी म्हणालं.

"बरं बाबा, अख्खा माझा!"

सगळे हसले. कित्येक आठवड्यांत त्या खोलीत कोणी हसलं नव्हतं. मग एकेक जण बोलू लागला. पहिला माझा. तो चुकलेला पास माझा. कोपऱ्यात मौनीबाबा तेवढा हातमोजे घट्ट धरून बसला होता. थोरल्यांनी त्याला छेडलं नाही.

संघ लगेच जिंकायला लागला, अशी थाप मी मारणार नाही. पण हरणं कमी झालं, बरोबऱ्या झाल्या, दोन-चार विजय पदरात पडले. मैदानावरून पुन्हा "माझा!" ऐकू येऊ लागलं. असं करत करत गाडी हंगामाच्या शेवटच्या सामन्यावर येऊन ठेपली. तिथे बरोबरी साधली तरी आम्ही तरणार होतो. हरलो तर सगळं संपलं.

मध्यंतराला एक-एक गोल झाला होता. थोरल्यांना दोघांनी धरून माझ्यावर आणलं. गुडघा टम्म फुगला होता.

"ताई, घट्ट बांधा. मी जातो."

"बांधते. पण नुसता उभा राहशील, पळता येणार नाही."

"उभा राहीन."

दारात प्रशिक्षक आले. "थोरले, तुम्हीच ठरवा," एवढंच म्हणाले. त्यांच्या मागून सगळा संघ बघत होता. थोरले आता उठतील आणि आपलं ओझं घेतील, अशी आशा प्रत्येकाच्या डोळ्यांत होती. थोरल्यांनी त्या सगळ्यांकडे पाहिलं. मग दंडावरची कप्तानाची पट्टी सोडवली आणि मौनीबाबाला जवळ बोलावलं.

"मला नको थोरले. मला बोलता येत नाही, तुम्हाला माहितीये."

"तू त्या दिवशी बोललास."

"आणि गोल झाला!"

"झाला ना. चेंडू आपल्या दहा जणांच्या डोक्यावरून आला होता, मीसुद्धा खालीच उभा होतो. आम्ही सगळे गप्प बसलो. एकटा तू बोललास."

त्याने हात पुढे केला. थोरल्यांनी त्याच्या दंडावर पट्टी बांधली.

उत्तरार्ध आम्ही तिघांनी ऐकला. गुडघ्यावर बर्फ घेऊन थोरले पडून होते, आणि ताईंनी बोळाचं दार सताड उघडं ठेवलं होतं. अगदी शेवटी, अजून बरोबरीच असताना, समोरच्या संघाला कोपऱ्यावरून किक मिळाली. गॅलरी चिडीचूप झाली. थोरल्यांनी माझी कड इतकी घट्ट धरली, की रेक्झिनला त्यांची नखं लागली.

"माझा!"

फाटका, घोगरा आवाज. कित्येक महिने न वापरलेला. त्यानंतर धप्पकन काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि पुन्हा शांतता. मग आमच्या डोक्यावरची गॅलरी अशी दणाणली, की छताचा चुना माझ्यावर पडला.

चेंडू त्याच्या हातांत होता. आम्ही तरलो होतो.

थोरल्यांनी पालथं होऊन तोंड भोकात घातलं आणि हुंदके देऊन रडले. ताई "अगं बाई, अरे तरलो ना!" म्हणत स्वतःच पदराने डोळे पुसत होत्या. पोरं नाचत आत आली आणि हा प्रकार पाहून दारातच थबकली. त्यांनी थोरल्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मौनीबाबा चिखलाने माखलेला होता. तो पट्टी परत करायला आला होता, पण ती विसरून त्याने ताईंच्या हातातली बर्फाची पिशवी घेतली आणि थोरल्यांचा गुडघा धरून बसला. मग दुसऱ्याने पाय धरला, तिसऱ्याने पाठीवर हात ठेवला. ज्याने सगळ्यांचं दुखणं वाहिलं, त्याचं दुखणं त्या दिवशी सगळ्यांनी वाटून घेतलं. मी बाजारात जेवणाचं टेबल म्हणून विकला गेलो असतो, तर हा सन्मान मला कुठून मिळाला असता?

आता माझ्या जागी बटणाने वरखाली होणारं नवं टेबल आलं आहे. माझा एक पाय डगमगतो, आणि माझ्यावर जुनी जाळी आणि सुटे बूट टाकलेले असतात. मला त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण माझं एक मागणं आहे, आणि ते माझ्या पायासाठी नाही. मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात, संघात एखादं माणूस असेल, जे कधीच कण्हत नाही आणि सगळ्यांचं सगळं आपल्या अंगावर घेतं. त्याला भक्कम म्हणून वाहवा देऊन निघून जाऊ नका. त्याला म्हणा, "तुम्ही जरा आडवे व्हा. आज आम्ही आहोत."

आणि ते आडवं झालं, की त्याच्याजवळ बसून राहा.