केवळामावशीचा जादा दिवस

"मावशी, मुंबईला तुमचं कोण हाय हो?"

प्रश्न माझा नव्हता. वर्गातल्या चांगुणाने वाटीभर बोरांची पैज लावली होती आणि वक्तृत्वात पहिली आल्यापासून सगळ्या दहावीत माझ्याएवढं धीट कोणी नाही, हे मला पक्कं ठाऊक झालं होतं.

केवळामावशी आमच्या शाळेत पाणी भरते. आड आटल्यापासून रस्त्यापलीकडच्या हापशावरून. रांगेत उभं राहायचं, हापसायचं, डोक्यावर एक घागर, कमरेवर एक, आणि रांजण भरेपर्यंत हेच. दोन सर मात्र घरून फिरकीचा तांब्या आणतात. का, ते कोणी विचारत नाही. त्यावर चांगुणाही पैज लावत नाही.

सहा डिसेंबरसाठी मावशीची सगळी वस्ती दादरला जाते. बाकीचे सातला परततात, ही आठला, एकटी. नवरा वारलेली बाई आणि एक जादा दिवस! पोरींना एवढं पुरे होतं.

मावशीने घागर खाली ठेवली. मला वाटलं, आता शिव्या.

"कोण न्हाई गं माय. चालती मी."

"कुठं?"

"समुद्राच्या कडंकडंनं. दादरपासून गिरगावच्या चौपाटीपस्तोर."

"बस न्हाई का तिकडं?" चांगुणा फिदीफिदी हसली.

"हाय की, तुझ्यासारख्या राणीसायबांसाठी!" मावशी पायरीवर टेकली. "लग्नाच्या दुसऱ्या साली दोघं गेलो. रातभर रांगेत उभं राहून दर्शन झालं. मालक म्हनले, केवळे, एवढं पाणी आपल्या सात पिढ्यांनी बघितलं न्हाई. दिसतंय तिथवर चाल. वरळीला वाळू न्हाई बग, नुसती लांबलचक भिंत. लाट आपटली की अंगावर येती. म्होरं बंगलेवाल्यांनी समुद्र झाकून टाकलाय, तिथं रस्त्यानंच जावं लागतं. पाय गळून जातात. अन् मग एकदम चौपाटी. मालकांनी ओंजळभर तोंडात घेतलं अन् थू करून थुकलं. म्हनले, हे बी आपल्या कामाचं न्हाई!"

आम्ही सगळ्या हसलो. तीही हसली, पण थकल्यासारखी.

"आता एकट्याच चालता?"

"हाव. बारा वर्सं झाली. तेवढ्या वाटंला डोक्यावर कायबी नसतं."

मी पायरीजवळच्या घागरीकडे पाहिलं.

"यंदा न्हाई जायचं पण," ती गुडघे चोळत म्हणाली. "मोठे सर म्हनले, बदली माणूस दे, न्हाईतर दुसरी बाई बघतो. आमच्यातलं तर सगळंच दादरला जातंय. अन् भाईरच्या बाईला घागर दिली, तर ती परत देती व्हय? दुस्काळ हाय. गेटावर रोज तिघी उभ्या राहतात, काम हाय का म्हनून." ती उठली. "चल, हात लाव."

मी घागर उचलू लागले. ती गुडघ्याच्या वर येईना. तिने ती डोक्यावर घेतली आणि एकही थेंब न सांडता रांजणाकडे गेली. तिथून पुन्हा हापशाकडे.

चांगुणाने बोरांची वाटी पुढे केली. मी घेतली नाही.

घरी आले तेव्हा बाबा कचेरीतून येऊन भिंतीला टेकले होते. नवा जिल्हा झाला आणि उस्मानाबादच्या फायलींबरोबर आम्हीही लातूरला आलो. तेव्हापासून रोज शेकडो कागदांवर जुना जिल्हा खोडून नवा शिक्का मारायचा, हेच त्यांचं काम. बोटं जांभळी. आई टँकरच्या रांगेतून नुकतीच परतली होती. पाय पसरून बसली होती.

"काय महानंदाबाई, आज भाषण नाही?" बाबांनी डोळे न उघडताच विचारलं.

"आहे. छोटंसं आहे," मी म्हणाले. "पाच ते आठ डिसेंबर शाळेचं पाणी मी भरणार. बदली माणूस म्हणून माझं नाव मोठ्या सरांना लिहून दिलंय."

आई ताठ झाली. "अगं, ते केवळाचं काम! लोक काय..."

"तिचंच आहे. आठला ती परत आली की तिच्या घागरी तिच्या हातात देणार," मी म्हणाले. "आणि आई, मी विचारत नाहीये. सांगतेय."