सोडलेली ओळ

"मागच्या बाईनं मागंच राहावं," यशोदाबाई म्हणाल्या आणि खंजेरी बाजूला ठेवून त्यांनी पानाचा डबा उघडला. म्हणजे त्यांच्या लेखी विषय संपला.

कोकिळेच्या लेखी तो आत्ता सुरू झाला होता. नाचणगावच्या देवळाच्या ओसरीत, सतरंजीवर बसलेल्या सगळ्या बायकांच्या मधोमध ती उभी होती आणि तिचे कान तापले होते. मागितलं तरी काय होतं तिने? तळेगावच्या स्पर्धेत तीन भजनं म्हणायची असतात. त्यातलं एक मला पुढे बसून म्हणू द्या, एवढंच.

"काऊन?" तिने विचारलं. "माह्या आवाजाले काय झालं?"

"आवाजाले कायी नाई झालं. आवाज तं भोंग्यालेही असते."

दोघीतिघी पदराआड हसल्या. यशोदाबाईंनी पानाला चुना लावला, घडी घातली, तोंडात टाकली. या बाईला कुणाचा पाणउतारा करतानाही घाई नसायची.

"पुढं बसाले नुसता गळा लागत नाई, कोकिळा."

"मंग काय लागते?"

"ते तुले समजलं असतं तं तू इचारलंच नसतं."

भजनात पुढची बाई ओळ म्हणत टोकाला नेते आणि मागच्या बायका ती उचलून पुरी करतात. याला झील धरणं म्हणतात. कोकिळा लग्न होऊन नाचणगावात आली ती या मंडळात झील धरायलाच बसली आणि तिथेच तिचे केस पिकायला लागले. यशोदाबाईंचा गळा तसा बेताचाच. ओळ उंच चढवायच्या, टोकाला आल्या की गप्प व्हायच्या, खंजेरीवर थाप मारायच्या, आणि तिथून कोकिळेचा आवाज निघायचा. लोकांच्या माना डोलायच्या त्या तिथे. हार मात्र पडायचा यशोदाबाईंच्या गळ्यात. फोटोत मधली खुर्ची त्यांची, मंडळाला नाव त्यांचं. कोकिळेच्या वाट्याला काय, तर पेटी उचलून गाडीत ठेवणं.

"मंग राहा तुमी अन तुमची खंजेरी," कोकिळा म्हणाली. "माह्यी झील काढून घेतो मी. उरते काय तुमच्यापाशी, पाहू द्या गावाले."

ती चपला घालून निघाली, आणि तिच्या मागे आणखी चौघी उठल्या. कोकिळेवरच्या प्रेमाने उठल्या असं कुणी समजू नये. काजलला यशोदाबाईंनी भर देवळात बेसूर म्हटलं होतं. रीताच्या घरून आहेरात आलेलं लुगडं त्यांनी दोन बोटांत धरून पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. उरलेल्या दोघींचीही अशीच काही जुनी दुखणी होती. कोकिळेने फक्त दार उघडलं.

घरी नवरा ताराचंद किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसला होता. बातमी तिच्या आधी येऊन पोचली होती.

"लीडर झाली म्हणे तू?"

"झाली."

"चांगलं हाये. पन सांभाळून. दुकानात नोकर होतो तवा मी मालकाले रोज शिव्या द्याचो. मालक झालो, आता मले कोन देते ते समजतही नाई."

कोकिळेने त्याच्यापुढे चहा आदळला. नवऱ्याचं शहाणपण ऐकण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती.

पुढचे दिवस दोन्हीकडून लढाईचेच गेले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यशोदाबाईंनी कोकिळेच्या हातावर वाण ठेवलं ते भलतीकडे बघत. कोकिळेने ते त्यांच्याच पायरीवर शेजारच्या पोरीला देऊन टाकलं आणि संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर होईल याची काळजी घेतली. दळणाच्या चक्कीवर यशोदाबाईंची सून हर्षा आली की काजल मुद्दाम गुणगुणायची. कोकिळेच्या जागी आता झील धरायला हर्षा बसते, आणि तिला अजून ठेकाही कळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोकिळेला रात्री चांगली झोप यायची. राग आला की काही माणसांची तब्येत सुधारते, त्यातली ती.

तळेगावच्या स्पर्धेत कोकिळेच्या मंडळाचा नंबर आधी लागला.

मंचावर पुढे बसल्यावर तिला पहिल्यांदा जाणवलं की समोर कुणाचीच पाठ नाही. नुसती माणसं होती, आणि ती सगळी तिच्या तोंडाकडे बघत होती. पेटीने सूर दिला. तिने ओळ उचलली, आणि मांडव एकदम शांत झाला. असा गळा त्या दिवशी त्या मंचावर कुणाचाच लागला नव्हता. तिलाही ते कळलं, आनंदाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता गावाला कळेल, इतकी वर्षं कुणाचं खाऊन कोण मोठं झालं ते.

ओळ टोकाला आली. आता थांबायचं होतं. पण आयुष्यभर तिचं म्हणणं सुरू व्हायचं ते याच जागी. तोंड आपोआप उघडलं आणि आपलीच ओळ तिने आपणच धरली. मागे काजलने तोंड उघडलं होतं, ते तिने मिटलं.

दुसऱ्या वेळी ती ठरवून थांबायला गेली. पण टोकाशी आल्यावर भीती वाटली. मागच्यांनी धरलीच नाही तर? उशीर केला तर? एवढ्या लोकांत ओळ तशीच उघडी पडली तर? आणि तिने पुन्हा स्वतःच धरली. तिसऱ्या भजनापर्यंत तिचा दम संपला. कडव्याच्या मध्यात खोकला आला, आणि मागून एकही आवाज तिला सावरायला आला नाही. बायका टाळ मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

मंचावरून उतरताना काजल म्हणाली, "आमाले कायले आणलं होतं काकू? मागं पडदा म्हणून लावाले?"

"धरता येत नसन तं बोलू नको," कोकिळा म्हणाली. अगदी यशोदाबाईंच्या तोंडचं वाक्य. म्हणताना तिला बरंही वाटलं, हे खोटं कशाला बोला.

मग यशोदाबाईंचं मंडळ मंचावर आलं. कोकिळा मुद्दाम सगळ्यात पुढे जाऊन बसली. आपली वाट लागलीच होती, आता त्यांची लागताना नीट दिसावी म्हणून. यशोदाबाईंनी तिला पाहिलं, आणि खंजेरी तिच्याच दिशेने धरून वाजवली.

पहिली दोन भजनं त्यांनी खालच्या सुरात निभावून नेली. तिसरं होतं 'वाट दिसेना देवा, दिवा हाती घे'. गावातल्याच कुणीतरी रचलेलं, आणि उंच चढवल्याशिवाय त्यात काही मजा नव्हती. यशोदाबाईंनी डोळे मिटले. "वाट दिसेना देवा..." गळा चढला, थरथरला, आणखी चढला. आता फाटतो, कोकिळा मनात म्हणाली. फाटला नाही. टोकाला आल्या आणि त्यांनी ओळ सोडली. थाप पडली. हर्षा टाळाकडे बघत बसली होती.

"दिवा हाती घे!"

आवाज मंचावरून आला नव्हता. तो आला पुढच्या सतरंजीवरून, मोकळ्या गळ्याने, बरोबर त्या जागेवर. आपण म्हटलं हे कोकिळेला म्हणून झाल्यावर कळलं. यशोदाबाईंनी डोळे उघडलेच नाहीत. त्या आवाजावर पाय देऊन त्या पुढच्या ओळीवर गेल्या, ती सोडली, आणि कोकिळेने तीही धरली. अख्खं कडवं असं झालं. मांडव डोलत होता. कोकिळेला इतके दिवस वाटत होतं, यशोदाबाई थांबायच्या ते गळा संपायचा म्हणून. आज आपण त्या जागी बसून आल्यावर तिला कळलं की तिथे थांबायला छाती लागते. आपल्याला ती नव्हती.

परीक्षकांनी घंटी वाजवली. मंचाबाहेरची साथ चालत नाही, नियम होता. यशोदाबाईंचं मंडळ स्पर्धेतून बाद झालं.

"मानलं काकू!" काजलने तिला मागून मिठी मारली. मघाचं सगळं ती विसरली होती. "काय जिरवली! आमाले तं सांगतलं पन नाई!"

चौघीही तिच्याभोवती गोळा झाल्या. त्यांच्या डोळ्यांत कोकिळेला दोन महिन्यांत पहिल्यांदा तो मान दिसला, जो तिला हवा होता. गप्प राहिली असती तर तो तिचाच होता.

तेवढ्यात यशोदाबाई समोर आल्या. पदर घामाने भिजला होता.

"नेम धरून मारलं तू मले."

"मुद्दाम नाई केलं, बाई," कोकिळा म्हणाली. "तुमची ओळ पडून राह्यली होती. माह्याच्यानं पाहावलं नाई."

काजलचा हात तिच्या खांद्यावरून निघाला.

"पडू द्याची होती. माह्यी ओळ होती ते," यशोदाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यांचा कधीच चढत नसे. "तू गेली ना तिकडं? ह्या चौघी तुह्या भरवशावर आल्या. त्यायच्या तोंडची झील तू आज हिसकून घेतली अन माह्यी, दुश्मनाची, धावून धरली. काय पुढारीण वं तू!"

चौघींनी ते ऐकलं. यशोदाबाई वळल्या आणि हर्षाला घेऊन गर्दीतून निघून गेल्या. त्यांची पेटी आज हर्षाच्या डोक्यावर होती.

परतीच्या गाडीत चौघी मागच्या बाकांवर बसल्या आणि दार ओढून घेतलं. ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी होती. कोकिळा तिथे बसली. वाटेतली आर्वी मागे पडली.

मग काजलने ओळ म्हणायला सुरुवात केली. तिला डिवचण्यासाठीच, हे उघड होतं. त्यांच्याच मंडळाच्या भजनातली, मंचावर कोकिळेने खाऊन टाकलेली ओळ. काजलचा सूर हलत होता, पण तिने ती चढवली आणि टोकाला नेऊन सोडून दिली.

कोकिळेचं तोंड आपोआप उघडायला लागलं. तिने दातांखाली पदर धरला. मागे क्षणभर नुसता इंजिनचा आवाज होता. तो क्षण तिला इतका लांब वाटला की तिने दरवाज्याची दांडी घट्ट पकडली. मग रीताने ओळ धरली, जरा उशिरा, जरा खालच्या सुरात, आणि उरलेल्या दोघी तिच्यात मिसळल्या.

कोकिळेने मागे वळून पाहिलं नाही. ती समोरचा रस्ता बघत पूर्ण भजन ऐकत राहिली.