खांबाच्या आत

माझा नवरा बेनेदिक गेला, तेव्हा धाकटा दीर कोन्राडस याने बेनेदिकच्या रानाच्या कडेला खांब रोवून नारळाच्या झावळ्या बांधल्या, म्हणजे रान बंद. मेलेल्याच्या नावाचं जेवण घालेपर्यंत आतली काडीही बाहेर न्यायची नाही, आत कुठलं जनावर मारायचं नाही. नियम मोडणाऱ्याच्या घरातलं माणूस जातं. बंदुकवाल्यांनी संपवत आणलेल्या वॉलबी, म्हणजे बुटके कांगारूच, तेवढ्यानेच परतल्या. ऊन उतरलं की झाडीतून गवतात येऊन चरायच्या. जिवंतपणी बेनेदिकने एक काम धड केलं नव्हतं, मेल्यावर मात्र हे केलं.

त्या दुपारी आमचा काळा कुत्रा दोरी तोडून आत घुसला आणि एका मादीच्या मागे लागला. जीव वाचवायला तिने पिशवीतलं पिल्लू टाकलं आणि ती झाडीत पळाली. मी कुत्र्याला हाकललं. पिल्लू मुठीएवढं, अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. हे मेलं तर नियम आमच्याच घराने मोडला. घरी माझी लेक युलिता भरल्या दिवसांची होती.

तिथेच ठेवलं तर गारठून मरणार, घरी नेलं तर चोरी. मी ते ब्लाऊजमध्ये छातीशी धरलं आणि खांबाच्या आतच बसले. विधवेला आत यायची मनाई नव्हती. दीर आला, खांबाबाहेरूनच तिथेच ठेव, त्याची आई येईल म्हणाला. कुत्र्याच्या वासावर ती कशाला येतेय?

"वहिनी, वेड लागलंय का तुला?"

"कुत्रा कुणाचा?"

"आपला."

"मग गप्प बस."

ऊन कलताना तो पुन्हा आला. "युलिताला कळा सुटल्यात. तुला बोलावतेय."

"सांग तिला, आई तिच्यासाठीच बसलीय."

तिच्या किंकाळ्या इथवर येत होत्या. मला रडूही येईना, इतकी मी घाबरले होते. हाताखाली पिल्लाचं काळीज धडधडत होतं. झाडीत कुणीतरी धपधप पाय आपटले. धोका दिसला की वॉलबी असंच करतात. पिल्लाची आईच असावी, आणि ती मलाच भीत होती.

मग किंकाळ्या थांबल्या. बराच वेळ काहीच नाही. नंतर तान्ह्याचं रडणं ऐकू आलं.

दीर हसत धावत आला. "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. आता तरी ऊठ."

मी ब्लाऊजमध्ये हात घातला. पिल्लू गार पडलं होतं. कधी गेलं, कळलंच नाही.

"तू हो पुढे, येते," मी म्हणाले. पण त्या घरात पाऊल टाकायची माझी छाती होईना.